लांकडाची धूळ

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय ऐकून कोणास हंसूं आलें, तर त्यांत नवल नाहीं. इतिहासावर बोलावयाचें म्हणजे राज्यें, किल्ले आणि लढाया ह्यांच्यावर बोलावें, असा आपल्याकडे प्रघात आहे. आणि मी ज्या जुन्नर-आंबेगांव भागांतून आलों आहें, तेथें अशा विषयांची वाण नाहीं. शिवनेरीवर १६३० मध्यें शिवछत्रपतींचा जन्म झाला. त्याच्या आधीं १४९० मध्यें मलिक अहमदानें निजामशाही उभारली, ती जुन्नरासच राजधानी करून. आणि त्याच्याहि दीड हजार वर्षें आधीं नाणेघाटांतून सातवाहनांच्या काळचा व्यापार चालत होता. इतकें सारें हातचें सोडून मी आज बोलणार आहें तें सुताराच्या हातांखालून उडणाऱ्या धुळीवर. ही धूळ कोणत्याहि बखरींत नाहीं. पण ती पिढ्यान्‌पिढ्या माणसांच्या छातींत गेली आहे. आणि हल्लीं हौसेनें घरच्या घरीं लांकूडकाम करणाऱ्या आपल्यासारख्यांच्या माजघरापर्यंत येऊन पोंचली आहे.

हा विषय मला सुचला तो पुस्तकांतून नव्हे, देवघरांतून. आमचें मूळ घर आंबेगांव तालुक्यांत घोड नदीच्या खोऱ्यांत होतें. डिंभे धरणाच्या पाण्याखालीं जुनें आंबेगांव गेलें, आसपासच्या वस्त्या उठल्या, त्यांत आमचेंहि घर उतरवावें लागलें. त्या घराच्या दोन सागवानी तुळया व एक शिसवी दार एवढें आम्हीं जुन्नरास आणून ठेवलें होतें. शाळेच्या नोकरींतून निवृत्त झाल्यावर त्या लांकडाचा एक चौरंग आणि नातवंडांसाठीं चार पाट करावेत, अशी मला इच्छा झाली. घराच्या मागील अंगास दहा फूट रुंद, बारा फूट लांब व दहा फूट उंच अशी एक खोली आहे. तींत मीं कामाचें टेबल मांडलें, हत्यारें लावलीं, आणि लांकूड घांसण्यासाठीं विजेवर चालणारें एक लहानसें यंत्र आणलें. दिवस आषाढाचे होते. झड आंत येऊं नये म्हणून खिडकी लावून घेतली, आणि कामाला लागलों.

चौथ्या दिवशीं माझ्या पत्नीनें देवघरांतील समईवरून बोट फिरविलें व तें माझ्यासमोर धरलें. बोटावर तांबूस, मैद्यासारखें मऊ पीठ होतें. माझी खोली आणि देवघर ह्यांच्यामध्यें एक भिंत व एक बंद दार आहे. ती म्हणाली, “अहो, हें येथवर आलें, मग आपल्या छातींत किती गेलें असेल?” तिला आठवडाभर खोकला येत होता, व तो पावसाळी हवेचा असें मी धरून चाललों होतों. तिच्या प्रश्नास माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. जन्मभर मुलांना प्रश्न विचारणाऱ्या मास्तराला ही गोष्ट सहज सोडून देतां येईना. त्या उत्तराच्या शोधांत जें कांहीं वाचलें, पाहिलें व करून बघितलें, तें आज आपणांपुढें ठेवतों.

आपल्या पूर्वजांना धुळीचा सूक्ष्मपणा ठाऊक नव्हता असें नाहीं. झरोक्यांतून आलेल्या उन्हाच्या कवडशांत जो कण नाचतांना दिसतो, त्यास मनुस्मृतींत त्रसरेणु म्हटलें आहे, आणि वजनमापांच्या शिडीची ती पहिली पायरी ठरविली आहे. आठ त्रसरेणूंची एक लिक्षा, तीन लिक्षांची एक राई, तीन राईंची एक पांढरी मोहरी, सहा मोहऱ्यांचा एक मध्यम यव, आणि तीन यवांची एक गुंज. हिशेब केला तर एका गुंजेंत बाराशें शहाण्णव त्रसरेणु होतात. सोनाराची गुंज आपण हातांत धरूं शकतों. पण तिच्या मुळाशीं डोळ्याला जेमतेम दिसणारी धूळ आहे, ही कल्पना मोठी मार्मिक आहे. ही गुंज श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

आतां जुन्नरच्या डोंगरांकडे वळूं. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा आणि शिवनेरी ह्या डोंगरांत मिळून दोनशेंहून अधिक लहानमोठीं कोरीव कामें आहेत. इसवी सनाच्या आगेंमागें तीनचार शतकांत तीं खोदलीं गेलीं. लेण्याद्रीच्या चैत्यगृहांत उभें राहून वर पाहिलें म्हणजे छतावर ओळीनें कोरलेले दगडी वासे दिसतात. अखंड खडकांत खोदलेल्या छताला वाशांच्या आधाराची गरज नसते. तरीहि ते कोरले आहेत, कारण कोरणाऱ्याच्या डोळ्यांपुढें लांकडी मंडप उभा होता. पुणें जिल्ह्यांतच कार्ल्याच्या चैत्यगृहांत तर दगडी छताला खरेखुरे लांकडी वासे जडविलेले आजहि पाहावयास मिळतात. म्हणजे ज्यांना आपण पाथरवटांचीं कामें म्हणतों, तीं मुळांत सुतारांचीं आहेत. दगडानें लांकडापासून घेतलेला तो धडा आहे.

त्या सुतारांपैकीं एकाचें नांवहि आपल्याला ठाऊक आहे. धेनुकाकट गांवच्या सामि नांवाच्या वर्धकीनें, म्हणजे सुतारानें, कार्ल्याच्या लेण्याचें द्वारमुख केलें, असें तेथील शिलालेखांत कोरलेलें आहे. वऱ्हाडांत सुतारास वाढई म्हणतात, तो शब्द ह्याच वर्धकीचा वंशज. आमच्या जुन्नरच्या शिलालेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. भिक्षुसंघाच्या खर्चासाठीं त्यांच्याकडे ठेवी ठेवल्या जात. दात्याचें नांव, गांव, दान किती व कशासाठीं, हें सारें त्या काळच्या माणसांनीं खडकावर काळजीपूर्वक लिहून ठेवलें. पण छिन्नीखालून आणि करवतीखालून जी धूळ उडाली ती कोणाच्या छातींत गेली, हें एकाहि ओळींत नाहीं. तें लिहावें असें कोणाच्या मनांत येण्याचें कारणहि नव्हतें. लेणें दिसतें, धूळ दिसत नाहीं.

लेण्यांचा काळ संपला, तरी लांकूडकाम थांबलें नाहीं. तें गांवगाड्यांत उतरलें. त्रिंबक नारायण आत्रे ह्यांच्या १९१५ सालच्या ‘गांव-गाडा’ ह्या ग्रंथांत बलुतेदारांचें जें वर्णन आहे, त्यांत सुताराचें स्थान मोठें आहे. नांगर, कुळव, पाभर, गाडी हें सारें त्याच्या हातचें. तो अडला तर शेत अडलें. आमच्या लहानपणीं असें सुतार आम्हीं पाहिले आहेत. त्यांचें काम चाले तें झाडाखालीं, नाहीं तर पुढच्या पडवींत. वांकसानें तासलें कीं तळहाताएवढ्या ढलप्या पडत, त्या चुलीला जात. रंध्याखालून कीस निघे, तो गुंडाळी होऊन पायाशीं पडे. आम्हीं मुलें त्याचीं कंकणें करून हातांत घालीत असूं. करवतीचा भुसा जाड्या रव्यासारखा असे. अखेरची सफाई खरवत नांवाच्या झाडाच्या खरखरीत पानांनीं करीत. धारेच्या हत्याराचा गुण असा कीं, तें लांकडाचे तंतू कापून काढतें. त्यांचें पीठ करीत नाहीं. आणि जें थोडें पीठ होई, तें वारा घेऊन जाई.

परंतु येथें ‘गेले ते दिन’ म्हणून सुस्कारा सोडण्याचें कारण नाहीं. मोठा ओंडका घोडीवर चढवून लांब करवतीनें चिरीत, तेव्हां एक गडी वर उभा असे व एक खालीं. वरच्याचा भुसा खालच्याच्या डोळ्यांत, नाकांत, कानांत जाई. तोंडावर उपरणें बांधलें म्हणजे त्याची व्यवस्था झाली. पन्नाशींतच धाप लागलेले सुतार मीं पाहिले आहेत. त्या धापेला कोणी वार्धक्य म्हणे, कोणी विडीचा दोष म्हणे. धंदा काय, हा प्रश्न बलुतें ठरवितांना विचारला जाई. आजार ठरवितांना विचारला जात नसे.

हा प्रश्न विचारला पाहिजे असें आग्रहानें सांगणारा वैद्य इटलींत होऊन गेला. त्याचें नांव बर्नार्दिनो रामाझ्झिनी. इ. स. १७०० मध्यें त्यानें निरनिराळ्या धंद्यांतील लोकांच्या रोगांवर एक लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. रोग्यापाशीं गेल्यावर वैद्यानें इतर विचारपूस करावी तशीच ‘तुझा धंदा कोणता?’ अशीहि विचारपूस करावी, असें त्याचें सांगणें होतें. दगड फोडणारे, पीठ दळणारे, धान्य चाळणारे ह्यांच्या छातीचे विकार त्यानें धुळीशीं जोडून दाखविले. आपल्याकडे तेव्हां छत्रपति राजारामांचा काळ नुकताच संपत होता. धूळ ही केवळ कपडे मळविणारी वस्तु नसून रोगाचें कारण आहे, हें सूत्र अशा रीतीनें तीनशें वर्षांहून जुनें आहे. पण लांकडाच्या धुळीचा खरा पुरावा पुढें यावयास आणखी अडीच शतकें लागलीं.

तो पुरावा इंग्लंडांतील हाय विकम ह्या गांवीं सांपडला. भोंवतालच्या बीच वृक्षांच्या रानांमुळें हें गांव खुर्च्यांच्या कारखान्यांसाठीं प्रसिद्ध होतें. तेथील कान-नाक-घशाच्या शस्त्रवैद्य एस्मे हॅडफील्ड ह्या बाईंच्या लक्षांत आलें कीं, नाकाच्या आंतील पोकळींत होणारा एक अतिशय दुर्मिळ कर्करोग आपल्याकडे वारंवार येतो, आणि तो येतो ते रोगी बहुधा लांकूडकाम करणारे असतात. त्यांनीं आणि मॅकबेथ व अॅचेसन ह्यांनीं मिळून त्याचा पाठपुरावा केला. १९६८ मध्यें त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. फर्निचरच्या कारागिरांत तो रोग सामान्य माणसांहून शेंकडों पटींनीं अधिक आढळला. धूळ नाकांत जाऊं लागल्यापासून रोग दिसेपर्यंत पुष्कळदां चाळीस चाळीस वर्षें लोटत. म्हणून आजवर कोणीं एकाचा दुसऱ्याशीं संबंध जोडला नव्हता. पुढें १९९५ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें लांकडाची धूळ ही माणसांत कर्करोग उत्पन्न करणारी वस्तु आहे, असा निर्विवाद निर्णय प्रसिद्ध केला. दमा, सततची सर्दी व कातडीवरील पुरळ हे विकार तर त्याहून कितीतरी अधिक प्रमाणांत आढळतात. ह्या बाबतींत आपलें लाडकें सागवान आणि शिसवी हींहि निर्दोष नाहींत; किडीपासून स्वतःचें रक्षण करण्यासाठीं त्या झाडांनीं आपल्या गाभ्यांत जीं द्रव्यें सांठविलेलीं असतात, त्यांतलींच कांहीं माणसाच्या कातडीस व श्वासनलिकेस झोंबतात.

कारखान्यांतील माणूस रोज आठ तास, तीस वर्षें त्या धुळींत असतो. घरीं हौसेनें काम करणाराचा धोका तितका नाहीं, हें उघड आहे. त्यास भिऊन कोणीं रंधा टाकून देऊं नये. पण घरांतली खोली किती लवकर भरते, हें एकदां मोजून पाहावें. युरोपांतील राष्ट्रांच्या संघानें कठीण लांकडाच्या धुळीची मर्यादा १९९९ मध्यें एका घनमीटर हवेंत पांच मिलिग्रॅम ठरविली होती. ती पुढें तीनवर आणली, आणि २०२३ पासून दोनवर आणली आहे. ही आठ तासांची सरासरी धरावयाची असते. आतां माझी खोली घ्या. दहा गुणिले बारा गुणिले दहा, म्हणजे बाराशें घनफूट, म्हणजे सुमारें चौतीस घनमीटर. दुपटीनें अडुसष्ट मिलिग्रॅम. मघाशीं जी गुंज लक्षांत ठेवावयास सांगितली, तिचें वजन सुमारें एकशें वीस मिलिग्रॅम असतें. म्हणजे अर्ध्या गुंजेहून किंचित् अधिक धूळ माझ्या बंद खोलीच्या हवेंत तरंगत राहिली, कीं मर्यादा पुरी झाली! मीं त्या चार दिवसांत मुठीनें धूळ काढली होती. गणिताच्या तासाला शेंकडों उदाहरणें सोडविलीं. पण ह्या एका उत्तराइतका चटका एकाहि उत्तरानें लावला नव्हता.

मुठीनें काढलेली सारीच धूळ तरंगत राहत नाहीं, ही त्यांतील सुदैवाची गोष्ट; आणि जी राहते ती दिसत नाहीं, ही दुर्दैवाची. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केंस साधारणतः सत्तर मायक्रॉन जाड असतो. पाण्याइतक्या जडपणाचा गोल कण पांच फुटांवरून स्थिर हवेंत सोडला, तर शंभर मायक्रॉनचा कण पांचसहा सेकंदांत भुईवर येतो. दहा मायक्रॉनच्या कणास सुमारें आठ मिनिटें लागतात, पांच मायक्रॉनच्या कणास अर्धा तास, आणि एक मायक्रॉनच्या कणास बारा तास. जाड कण नाकांत अडकतो. विकमच्या कारागिरांचा घात तेथेंच झाला. बारीक कण नाक चुकवून थेट फुप्फुसांत उतरतो. वांकसाची ढलपी कोठेंच जात नाहीं. करवतीचा भुसा पायाशीं पडतो. पण कांचकागदाचा प्रत्येक दाणा लांकूड कापीत नाहीं, खरवडतो. आणि तो कागद यंत्रावर चढवून मिनिटाला हजारों वेळां फिरविला, म्हणजे लांकडाचें जें पीठ होतें तें हवेचेंच होऊन जातें. शिवाय पूर्वीं अंगणांत होणारें काम आपण चार भिंतींच्या आंत आणलें. सुताराची धूळ आजच उत्पन्न झाली असें नाहीं; ती बारीक झाली आणि कोंडली गेली, हा आजचा फरक आहे.

येथें मला एक कबुली द्यावयाची आहे. शाळेंत कार्यानुभवाच्या तासाला आम्हीं मुलांकडून लांकडी पट्ट्या आणि पाट्यांच्या चौकटी घांसून घेत असूं. पंधरावीस मुलें, एक खोली, आणि पावसाळ्यांत लावलेल्या खिडक्या. तास संपला कीं त्यांच्याकडूनच कोरड्या झाडूनें खोली झाडून घ्यावयाची. म्हणजे जी धूळ खालीं बसली होती, ती पुन्हां उठवून त्यांच्याच तोंडाशीं न्यावयाची. एक मुलगा सारखा शिंकत असे. मी त्याला सर्वांदेखत ‘नाजूक’ म्हणालों, आणि वर्ग हंसला. त्यास दम्याचा विकार आहे, हें मला पुष्कळ मागाहून कळलें. हा काळ १९९५ च्या पुढचाच आहे. जगांतील विद्वानांचा निर्णय छापून झाला होता; तो आमच्यापर्यंत आला नाहीं, आणि आम्हींहि तो शोधीत गेलों नाहीं. त्या मुलाची मनोमन क्षमा मागूनच मी पुढचें बोलतों.

उपाय काय, तें आमच्या भागांतील शेतकऱ्याकडून शिकावें. खळ्यावर उपणणी चालते तेव्हां शेतकरी तिवईवर उभा राहतो, वारा पाठीशीं किंवा कुशीला घेतो, आणि पाटींतलें धान्य हळूहळू खालीं सोडतो. जड दाणा पायाशीं पडतो, हलकें भूस दूर जातें. वाऱ्याच्या समोर तोंड करून कोणी उपणीत नाहीं. धुळीच्या बंदोबस्ताचें सारें शास्त्र ह्या एका कृतींत आहे: वाऱ्याची दिशा ओळखावी, जड व हलकें वेगळें करावें, आणि आपलें तोंड त्यांच्या वाटेंत नसावें.

म्हणून पहिला उपाय असा कीं, धूळ मुळांतच थोडी करावी. धार लावलेल्या रंध्यानें आणि पोलादी पातीच्या खरवडणीनें जेवढी सफाई होते तेवढी करून घ्यावी, व कांचकागद शेवटीं दोन हातांपुरता ठेवावा. दुसरा उपाय, चिरणें व घांसणें हीं कामें अंगणांत किंवा ओट्यावर, वारा कुशीला घेऊन करावींत. खोलींत फक्त जोडकाम ठेवावें. आंबेगांवच्या पश्चिम पट्ट्यांत पावसाचे तीन महिने हें साधत नाहीं. तेव्हां घांसण्याचें काम दिवाळीवर ढकलावें. चौरंग कांहीं पळून जात नाहीं.

खोलींतच काम करणें भाग असेल तर तिसरा उपाय. धूळ जेथें निघते तेथेंच ती ओढून घ्यावी. घांसण्याच्या यंत्रास नळी जोडून ती धूळ ओढणाऱ्या यंत्रास लावावी. ह्यांत नवें कांहीं नाहीं. आपल्या देशाच्या १९४८ च्या कारखाने कायद्यांत धुळीवर एक स्वतंत्र कलम होतें, आणि धूळ ओढून घेण्याची योजना धुळीच्या उगमाच्या होतां होईल तों जवळ असावी असें त्यांत स्पष्ट लिहिलेलें होतें. कायदा कारखान्यासाठीं होता. घराच्या मागल्या खोलींत निरीक्षक येत नाहीं, तेथें आपणच निरीक्षक व्हावें लागतें. नळी आणि यंत्र ह्यांच्यामध्यें एक शंकूच्या आकाराचें पात्र बसवितात, त्यास सायक्लोन म्हणतात. त्यांत शिरलेली हवा वावटळीसारखी गरगर फिरते, जड भुसा कडेस आपटून खालच्या डब्यांत पडतो, आणि हलकी धूळ तेवढी पुढें जाते. १८८० च्या सुमारास अमेरिकेंतील गिरण्यांत ही युक्ति निघाली. पाहिली तर ती वाऱ्यावांचून केलेली उपणणीच आहे.

मात्र सायक्लोनमधून पुढें गेलेली धूळ हीच खरी घातक, हें विसरूं नये. साध्या कापडी पिशवीचें यंत्र जाड भुसा पोटांत ठेवतें आणि बारीक धूळ मागच्या बाजूनें पुन्हां खोलींत सोडतें. खोली स्वच्छ दिसते आणि हवा पूर्वींहून वाईट होते. त्यासाठीं हेपा नांवाची गाळणी हवी. १९४० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत अणुशक्तीचें संशोधन चाललें असतां किरणोत्सर्गी कण अडविण्याकरितां ती तयार झाली. एका मायक्रॉनच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे कणहि ती दहा हजारांतून तीन वगळतां सारे अडविते. खर्च नको असेल तर नळीचें मागचें तोंड भिंतींतून बाहेर काढावें, म्हणजे तेंच काम होतें. फक्त तें शेजाऱ्याच्या खिडकीसमोर काढूं नये. एका भिंतींत हवा बाहेर फेंकणारा पंखा व समोरच्या भिंतींत उघडी खिडकी ठेवावी. डोक्यावरचा पंखा बंद ठेवावा. तो धूळ घालवीत नाहीं, खालीं बसूं देत नाहीं.

तोंडावरची पट्टी हा शेवटचा उपाय आहे. पुष्कळ लोक त्याला पहिला समजतात. रुमाल व उपरणें जाड भुसा अडवितात, बारीक धूळ अडवीत नाहींत. एन-९५ जातीची पट्टी नाकागालांस घट्ट बसली तरच उपयोगी. दाढी असेल तर ती नीट बसत नाहीं. आणि यंत्र थांबल्याबरोबर पट्टी काढूं नये. एक मायक्रॉनच्या कणाचे बारा तास आठवावे! झाडू मारूं नये, तोंडानें फुंकूं नये. ओल्या फडक्यानें पुसावें. काम झाल्यावर हातपाय धुवून, कपडे बदलूनच स्वयंपाकघरांत जावें. गांवाकडे बाहेरून आलेला माणूस पायांवर पाणी घेतल्यावांचून उंबरा ओलांडीत नसे, त्याच रीतीचा हा पुढला भाग आहे. आणि तेलाचीं फडकीं व बारीक धूळ एके ठिकाणीं सांठवूं नये. जवसाच्या तेलानें भिजलेल्या फडक्यांचा बोळा आपोआप पेट घेतो.

आमच्या घरीं पुढें काय झालें तें सांगून संपवितों. यंत्रास नळी लावली, तिचें तोंड परसाकडे काढलें, आणि उरलेलें घांसकाम कार्तिकांत अंगणांत केलें. चौरंग झाला, पाट झाले. पत्नीचा खोकला थांबला. अर्थात् तोंपर्यंत पाऊसहि थांबला होता. पण समईवर आतां बोट फिरविलें तर बोट स्वच्छ निघतें, आणि हा पुरावा मला पुरेसा वाटतो. नातवंडें त्या पाटांवर जेवावयास बसतात, तेव्हां पाण्याखालीं गेलेल्या घराच्या तुळया मी त्यांना दाखवितों. काजळी मात्र मीं एका पाटाच्या खालच्या बाजूस तशीच ठेवली आहे.

श्रोतेहो, कधीं लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून गेलांत, तर चैत्यगृहाच्या छताकडे क्षणभर पाहा. ते दगडी वासे ज्यांनीं कोरले, आणि ज्यांच्या लांकडी वाशांवरून ते कोरले, त्यांच्यापैकीं सामि सुतारासारखें एखाद्याचेंच नांव आपल्यापर्यंत आलें. बाकीच्यांना काय काय सोसावें लागलें, हें विचारण्याची सोय आतां नाहीं. पण आपल्या घरीं, आपल्या गल्लींत, नव्या बंगल्याच्या बंद खोलींत दारें घांसणारा जो कारागीर पांढऱ्याफेक पापण्यांनीं आपल्यापुढें चहाला येऊन उभा राहतो, त्याला विचारण्याची सोय आहे. त्याला एक खिडकी उघडून द्यावी, एक चांगली पट्टी द्यावी, आणि काम अंगणांत करावयास जागा द्यावी. लांकूड सुंदर झालें पाहिजे, हें तर खरेंच. पण तें करणाऱ्याचा श्वास त्या सुंदरतेच्या हिशेबांत धरला गेला पाहिजे.